चपट्या डोक्याची अळी

वहिनीने भिंगाखाली चिमट्याने अळी पालथी केली आणि तिचा हात तिथेच थिजला.

अळी मेफ्लाय या कीटकाचीच, यात शंका नव्हती. शेपटीचे तीन लांब धागे, पोटाच्या दोन्ही कडांना इवल्या पानांसारखे कल्ले, प्रत्येक पायाला एकेकच नखी. पंख फुटले की जेमतेम दिवसभराचं आयुष्य, त्याआधीचं सगळं बालपण पाण्याच्या कुशीत. ही अळी स्वच्छ पाण्यातच जगते; अशा अळ्या मिळाल्या, तर खालच्या वस्तीला ओढ्याचं पाणी पुन्हा पिता येणार होतं.

पण हिचं डोकं थाळीसारखं चपटं, डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला, मांड्या रुंद. खळाळत्या पाण्यात दगडाला बिलगून राहणारी ही जात. बरणीवरची चिठ्ठी मात्र म्हणत होती, ‘रंगकारखान्याच्या खाली’. तिथे ओढा चिखलातून सरपटतो. दगड औषधालाही नाही.

“भावजी, ही बरणी कुठे भरलीत?”

नमुने आणायचं काम धाकट्या दिराचं. तो दाराशी बूट झटकत होता. “झाली सुरू उलटतपासणी! दादा उगाच नाही तुम्हाला घाबरत.”

“कुठे भरलीत?”

त्याचं हसू विरलं. “खाली जाळी फिरवून फिरवून हात दुखले, वहिनी. एक जीव लागला नाही. रिकामी बरणी कोणत्या तोंडाने आणू? तुम्ही म्हणाल, भावजींनी काम टाळलं. मग वर धबधब्यापाशी जाऊन भरली.”

तिने चिमटा खाली ठेवला. “अहो, रिकामी बरणी हेच तर उत्तर होतं!”

तो पांढराफटक पडला. त्याची सख्खी बहीण खालच्या वस्तीतच राहत होती.

“ताईला मी सकाळीच सांगून बसलोय. एवढ्या अळ्या आहेत, आता खुशाल प्या म्हणून.”

वहिनीने फोन लावला. घंटी वाजत राहिली, वाजत राहिली.

“बोल गं वहिनी!” ताईचा आवाज आनंदाने भरून आला होता. “घागर भरलीय, पोरं पेले घेऊन रांगेत उभी आहेत. थांब हं, पहिला धाकटीला—”

“ओतून टाका ती! ताई, आधी घागर ओतून टाका!”

पलीकडून फरशीवर पाणी आदळल्याचा आवाज आला.

वहिनीने नवी बरणी काढली. तिच्यावर चिठ्ठी डकवली, ‘रंगकारखान्याच्या खाली’.

“जा,” ती म्हणाली. “आणि या वेळी काही सापडलं नाही, तर रिकामीच आणा.”