बरणीतलं नाव

"मनगट कच्चं हाये तिचं," असं म्हणून प्रेमानंदनं बशीतल्या चहावर फुंकर घातली. यापुढे बोलण्यासारखं काही उरलेलं नाही, असा त्या फुंकरीचा अर्थ होता.

समोरच्या मैदानावर गुंजननं नुकताच मारलेला चेंडू गोलच्या फळीवर आपटला होता आणि त्याचा आवाज नत्थूजीच्या टपरीपर्यंत आला होता. कच्च्या मनगटाचा आवाज असा येत नाही, हे टपरीवरच्या कुत्र्यालाही कळलं असतं. पण बोलणारा प्रेमानंद होता. खापरखेड्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर चौतीस वर्षं फिटर, आणि त्यातली वीस वर्षं कॉलनीच्या हॉकी संघाचा पुशर. त्यामुळे कोणी हसलं नाही.

फक्त विश्वनाथ हसला. हा बँकेतून निवृत्त झालेला, उभं आयुष्य नागपूरच्या धरमपेठेत काढलेला आणि डिसेंबरात मुलाकडे कॉलनीत राहायला आलेला माणूस. हातात स्टिक कधी धरली नाही, पण जगभरची हॉकी खिशात घेऊन फिरायचा. त्यानं फोन पुढे केला आणि गुंजनचा फटका सावकाश चालवून दाखवला. शेवटच्या क्षणी मनगट कसं वळतं ते बोटानं दाखवलं. शालिकरामनं चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाला, "होय गा, वळते नं."

शालिकराम तीस वर्षं प्रेमानंदच्या शेजारी बसून सामने बघत आला होता. इतक्या वर्षांत त्यानं आधी प्रेमानंदच्या तोंडाकडे पाहिल्याशिवाय कशालाच होय म्हटलं नव्हतं. प्रेमानंदच्या पोटात दुखलं ते तिथे.

या मंडळींचं बोलणं पेनल्टी कॉर्नरवर सुरू होई आणि तिथंच संपे. कोणती पोरगी पुढे जाईल, कोणाला कुठे उभी करावी, हाच रोजचा वाद. कॉर्नरला एकीनं गोलरेषेवरून चेंडू ढकलायचा, तो पुश. दुसरीनं तो डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, टोकावर अडवायचा. तिसरीनं मारायचा. काम तिघींचं, पण कागदावर नाव येतं ते तिसरीचं. हे दुःख प्रेमानंदला जेवढं माहीत होतं तेवढं नागपूर जिल्ह्यात दुसऱ्या कोणाला नसेल. त्याच्याच पुशवर गोल मारून मारून गणपतराव रेल्वेत चिकटला, आणि वारल्यावर त्याच्या नावानं चषक निघाला. दरवर्षी त्या चषकाच्या वाटपाला प्रेमानंद पहिल्या रांगेत बसायचा आणि टाळ्या मात्र मोजून वाजवायचा.

त्याच्याजवळ उरला होता तो डोळा. त्याचा बाप उमरेडला मागावर बसायचा आणि धोटा फेकणाऱ्याच्या मनगटावरून सांगायचा, याचं लुगडं कसं उतरेल ते. प्रेमानंदही तसाच पोरीचं मनगट बघून तिचं पुढचं सांगायचा आणि बहुतेक वेळा ते खरं व्हायचं. टपरीवर त्याचा शब्द म्हणजे शिक्का होता. त्याला पुरावाही होता, आणि तो टपरीच्या खांबाला खिळ्यानं ठोकलेला होता.

दिवाळी झाली की टपरीवरच्या प्रत्येकानं चिठ्ठीवर एक नाव लिहायचं. यंदा विदर्भाच्या संघात कॉर्नर मारायला कोण जाणार, ते. खाली सही आणि तारीख. चिठ्ठ्या नत्थूजीच्या बिस्किटांच्या रिकाम्या बरणीत टाकायच्या आणि संघ जाहीर झाल्यावर येणाऱ्या रविवारी बरणी उघडायची. बरोबर निघालेली चिठ्ठी खांबावर, चुकलेली शेगडीत. नियम प्रेमानंदनंच घातलेले. एकदा आत गेलेली चिठ्ठी परत मिळणार नाही. आणि शालिकरामनं एका वर्षी वाचताना लबाडी केल्यापासून चिठ्ठ्या वाचायच्या मैदानावरच्या एखाद्या पोरीनं. खांबावर अकरा चिठ्ठ्या होत्या. त्यातल्या नऊ प्रेमानंदच्या अक्षरात.

यंदा पंधरा नोव्हेंबरला त्यानं गुंजनचं नाव लिहिलं होतं. तेव्हा तिच्याकडे कोणी बघतही नव्हतं. गोलच्या मागे उभी राहून चेंडू वेचून द्यायची. असाच एक चेंडू तिनं स्टिकनं परत फेकला आणि प्रेमानंदच्या हातातला चहा तिथेच थांबला. घरी जाऊन त्यानं बायकोला, तुळजाबाईलाही काही सांगितलं नाही. बरणी उघडेल आणि सगळे तोंडात बोट घालतील, तो दिवस त्यानं मनात धरून ठेवला होता.

पण डिसेंबरात हा विश्वनाथ आला, आणि आठव्या दिवशी फोन उंचावून म्हणाला, की ही पोरगी एक दिवस कॉर्नर गाजवणार. सगळे वाहवा करू लागले. प्रेमानंदची वस्तू भरदिवसा दुसऱ्यानं उचलली होती आणि त्याला बोंबही मारता येत नव्हती. मी आधी पाहिलं होतं म्हणावं, तर माणसं म्हाताऱ्याचं मन राखायला मान डोलावतात तशी डोलावतील. मग त्याच्या तोंडून निघून गेलं, की मनगट कच्चं आहे. पहिल्यांदा नुसत्या रागानं निघालं. मग थुंकलेलं चाटायचं कसं, म्हणून तो रोज तेच म्हणू लागला.

जानेवारीत निवड चाचणी आली. तिच्या आधीच्या शनिवारी मुलींना शिकवणाऱ्या भारती मॅडम टपरीवर आल्या. त्यांचं दोघींवर अडलं होतं. गुंजन आणि प्रियदर्शनी. एकीनं पुश द्यायचा, एकीनं मारायचं. प्रियदर्शनी उंच होती, तिचा फटका बरा होता. दोघींचंही सतरा वर्षांखालचं हे शेवटचं वर्ष. गुंजनची आई प्रेमलता कॉलनीच्या मेसमध्ये पोळ्या लाटायची आणि तिनं स्पष्ट सांगून ठेवलं होतं, की निवड झाली तर क्रीडा वसतिगृह, नाहीतर स्टिक परत करायची आणि सावनेरला मावशीच्या कापडाच्या दुकानात बसायचं. हे कॉलनीत सगळ्यांना माहीत होतं. प्रेमानंदलाही.

विश्वनाथनं फोन काढलाच होता. मॅडमनी हात वर केला.

"थांबा भाऊजी. मी काकांले विचारून राहिले. वीस वर्षं खेळले ते."

प्रेमानंदला हे इतकं गोड लागलं की डोळे मिटावेसे वाटले. शालिकराम, नत्थूजी, सगळे त्याच्याकडे बघत होते, पूर्वी बघायचे तसे. खरं सांगितलं असतं तर त्याच क्षणी ते सगळे विश्वनाथकडे वळले असते.

"गुंजनले पुशवर ठेवा," तो म्हणाला. "मारू द्या त्या दुसरीले."

चाचणी नागपुरात झाली. टपरीवरचे सगळे बघायला गेले. सात कॉर्नर मिळाले. गुंजननं सातही पुश असे दिले की चेंडू जमिनीवरून दोरी ओढल्यासारखा सरळ गेला. असा पुश प्रेमानंदनं आयुष्यात फक्त स्वतःचाच पाहिला होता. प्रियदर्शनीनं त्यातले तीन गोलात घातले आणि निवड करणाऱ्यांनी तिचं नाव लिहिलं. पुश द्यायला त्यांच्याकडे अमरावतीची पोरगी आधीच ठरलेली होती. गुंजनचं नाव कोणी विचारलं नाही.

रविवारी प्रेमानंद सगळ्यांच्या आधी टपरीवर गेला. नत्थूजी शेगडीत कोळसे घालत होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर प्रेमानंदनं आपली चिठ्ठी मागितली.

"बरणीतली वापस नाही भेटत," नत्थूजी म्हणाला. "तुमचाच नियम हाये."

हळूहळू सगळे जमले. प्रियदर्शनी शिबिराला गेली होती. चिठ्ठ्या वाचायला कोण, असं चाललं होतं, तेवढ्यात गुंजन आली. क्लबची स्टिक आणि शिनगार्ड परत करायला आली होती. मॅडम यायला अवकाश होता. शालिकरामनं हौसेनं तिच्याच हातात बरणी दिली.

पहिल्या दोन चिठ्ठ्या चुकलेल्या निघाल्या. हसणं झालं, त्या शेगडीत गेल्या. तिसरी उघडून तिनं वाचली.

"गुंजन. कॉर्नर हेच पोट्टी मारणार. मनगट पाहा. प्रेमानंद. पंधरा नोव्हेंबर."

आपलंच नाव आहे हे तिला वाचून झाल्यावर कळलं असावं. तिनं चिठ्ठी पुन्हा पाहिली. विश्वनाथनं तिच्या हातातून चिठ्ठी घेतली, तारीख पाहिली आणि प्रेमानंदसमोर खरोखरचे हात जोडले.

"नोव्हेंबर. म्हणजे माझ्या महिनाभर आधी, आणि फोनबिन काही नसताना. मानलं बा तुम्हाला."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. डिसेंबरपासून प्रेमानंद याच शब्दांसाठी झुरत होता. ते आता सगळ्यांसमोर मिळाले, आणि मान वर करून ते घ्यायची त्याला सोय राहिली नाही.

"काका," गुंजन म्हणाली, "मंग त्या दिवशी मॅडमले काहून तसं सांगतलं?"

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. प्रियदर्शनी उंच आहे, तिचा फटका बरा आहे, पुशही महत्त्वाचाच असतो. प्रेमानंदनं विश्वनाथकडे बोट केलं आणि जे होतं तेच बाहेर आलं.

"यायनं पहिले सांगतलं म्हणून."

मनात ठेवलं होतं तोवर ते केवढं मोठं वाटत होतं. बोलल्यावर चहाच्या पेल्यात बुडेल एवढंच निघालं. विश्वनाथ दुसरीकडे बघू लागला. नत्थूजीनं उगाच किटलीचं झाकण काढून परत लावलं.

गुंजन रागावली नाही, निदान दिसलं तरी नाही. तिनं विश्वनाथकडून चिठ्ठी मागून घेतली आणि नीट घडी घातली. आता ती जपून ठेवेल असं प्रेमानंदला वाटलं. तशी त्याला आशाच होती.

"चुकलीच नं चिठ्ठी," ती म्हणाली, आणि वाकून तिनं ती शेगडीत टाकली.

मग तिनं स्टिक उचलली. मॅडम येईपर्यंत एक कॉर्नर मारून घेते म्हणाली. "उद्यापासून सावनेर हाये. पुश कोण देते?"

तिनं कोणाचं नाव घेतलं नव्हतं. प्रेमानंदचा हात उठण्यासाठी गुडघ्यावर गेला. गेला आणि तिथेच राहिला, कारण विश्वनाथ आधीच उभा राहून पँटचे पाय दुमडत होता. नत्थूजीच्या टपरीत कोपऱ्याला पडलेली एक जुनी स्टिक घेऊन तो गोलरेषेकडे चालत गेला. पाय कुठे ठेवायचा ते त्याला गुंजननं दाखवलं. डावा पाय रेषेच्या बाहेर हवा, आणि खांदा खाली. प्रेमानंद बसल्या जागी नकळत खांदा खाली घालून बसला.

पुश भिकार होता. चेंडू दोन टप्पे उसळत भलतीकडे निघाला. गुंजन चार पावलं आडवी धावली, एका हातातल्या स्टिकनं त्याला अडवलं आणि वळून मारला.

फळीचा आवाज टपरीपर्यंत आला. शालिकराम सवयीनं प्रेमानंदकडे वळला. मग काही न विचारता तो परत फिरला आणि आपला चहा पिऊ लागला.