तुळशीची काठवट

मी काठवट बोलतेय. हल्लीच्या पोरांना काठवट ठाऊक नसते, म्हणून आधीच सांगून टाकते. भाकरीचं पीठ मळायचं लाकडाचं पसरट भांडं म्हणजे मी. शोभेची वस्तू नव्हे, देवही नव्हे. एवढं स्पष्ट का सांगावं लागतंय, ते पुढे कळेल.

रेवदंड्याच्या खाडीजवळ हरेश्वर राहतो. होड्या दुरुस्त करणारा सुतार. त्याच्या परसातला फणस चक्रीवादळात आडवा झाला, तेव्हा त्याने खोडाचे तुकडे पडवीत सुकत ठेवले. कुणी पाटासाठी मागितलं, कुणी चौरंगासाठी. त्याने सगळ्यांना दिलं, एक जाड तुकडा मात्र दिला नाही. मुलगी लग्नाची झाली होती आणि त्याच्या डोक्यात काहीतरी शिजत होतं.

मुलीचं नाव तुळशी. लग्न बोर्ली पंचतनच्या विनेशशी ठरलं आणि हरेश्वरने मला घडवायला घेतलं. होडीच्या फळ्यांवर चालणारा त्याचा हात, भांडं कधी केलेलं नाही. पहिले चार दिवस मी नुसत्या शिव्या खाल्ल्या. वाकसाने मला आकार दिला, पटाशीने पोट खोल केलं, काचकागदाने घासघासून मऊ केलं आणि मग पोटभर खोबरेल पाजलं. शेवटी माझ्या रुंद काठावर त्याने एकेक अक्षर कोरलं. तुळशी.

तुळशीने ते पाहिलं आणि लाजत विचारलं, "बाबा, आनि त्यांचा नाव?"

"भाकऱ्या काय तो थापनार हाय?" हरेश्वर म्हणाला. बायको हसली, तुळशी हसली, मलाही हसू आलं.

रुखवतात मांडण्याआधी परीक्षा म्हणून तुळशीने माझ्यात एकदाच पीठ मळलं. तांदळाचं पीठ, वर कढत पाणी. पहिल्यांदा चटका बसला, मग तिचे तळहात माझ्या पोटात फिरायला लागले. कुणी आपल्याला कामाला लावतंय, यापरतं सुख नाही हो. सात भाकऱ्या झाल्या. त्या सकाळीवर मी आजतागायत जगते आहे.

लग्नात रुखवताच्या टेबलावर लाडू-चकल्यांच्या मधोमध मला मान मिळाला. बायकांनी फोटो काढले. दुसऱ्या दिवशी बोर्लीला लक्ष्मीपूजन झालं. विनेशने ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहिलं. प्राप्ती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नवं नाव सासरचे आधी कुणाला सांगत नाहीत, हा रिवाजच आहे. पण नाव बदलणार हे हरेश्वरला ठाऊक नव्हतं थोडंच! तरी त्याने माझ्यावर जुनंच कोरलं. बापाचं मन, दुसरं काय.

सासूबाई वाईट नाहीत. त्यांनी सुनेला जवळ बसवून समजावलं, "माज्या सासूचा नाव तुळशीबाई. तीस वर्सं मी तो तोंडातनं काढला न्हाय. आता सुनेला हाक मारताना त्यांचा नाव घेऊ? आनि त्यांच्या नावाच्या भांड्यात पीठ मळायचा? न्हाय बाय, माजा हात न्हाय धजायचा."

तुळशीने मान डोलावली. तिला ते पटलं, आणि वाईट म्हणजे मलाही पटलं. मला भिंतीतल्या फळीवर उभं करून ठेवलं, वारलेल्या आजेसासूच्या तसबिरीखाली.

पितृपक्षात पाहुणे आले. एक काका मला पाहून गहिवरले. "म्हातारीची काठवट! कशी जपून ठेवलीत!" त्यांनी माझ्या पायाशी झेंडूचं फूल ठेवलं. सासूबाईंनी ऐकलं आणि हळदकुंकवाचा करंडा पुढे केला. तेव्हापासून रोज मला फूल आणि हळदकुंकू. लावते कोण? सूनच. आंघोळ करून येते, स्वतःच्याच नावाला कुंकू लावते आणि हात जोडते. हे मी रोज उघड्या डोळ्यांनी बघायचं.

दिवाळीनंतर हरेश्वर मुलीला भेटायला आला. सासूबाई शेजारी गेल्या होत्या. माझ्यावरचं कुंकू पाहून हे काय म्हणून त्याने विचारलं. मग तुळशीने सगळं सांगितलं.

"बाय, मी ही भाकरीसाठी दिल्ती," तो म्हणाला. पिशवीतून त्याने पटाशी काढली. "नाव खरवडून टाकतो. दोन मिन्टांचा काम. मंग कोनाची हरकत न्हाय."

खरं सांगते, मला आनंद झाला. जाऊ दे ते नाव, असं मनात आलं. पीठ तर मिळेल, तिचे हात तर लागतील!

तुळशीने त्याचा हात धरला. "नको बाबा. पीठ काय, परातीत पन मळता येतो. या घरात माजा नाव कुठंच न्हाय. हिच्यावर तेवढा हाय, तो ऱ्हाऊ दे."

हरेश्वरने पटाशी पिशवीत ठेवली. चहा घेतला. निघाला तेव्हा सासूबाई परत आल्या होत्या, दारातच उभ्या होत्या. त्याने चपला घातल्या आणि मागे वळून म्हणाला, "येतो गं, प्राप्ती."

त्याच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. तिनेही.

आता मला खोबरेल कुणी लावत नाही. पोटाला बारीक चीर गेली आहे. सकाळी आतून परातीचा आवाज येतो आणि मला तिचा हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू? पिठासाठी जीव तुटतो. पण पीठ आता मागत नाही. मागणं एकच आहे. कधी या घरी आलात, तर मला नमस्कार करू नका. काठावरचं नाव तेवढं वाचा. मनात नको, चांगलं मोठ्याने वाचा.

परवा विनेशची एक लांबची मावशी आली होती. तिने चष्मा लावला, वाकून अक्षरं लावली आणि खणखणीत आवाजात वाचलं, "तुळशी."

स्वयंपाकघरात भाकरी थापणारे हात थांबले आणि आतून ओ आली.