नुसत्या डॉक्टरांचा बाक

मी एक जुना बाक आहे. पण जुना म्हणून कुणी माझी कीव करू नये. माझे चारही पाय शाबूत आहेत आणि तोंडाने तर मी पहिल्यापासूनच फटकळ आहे.

मित्रांनो, मला घडवणारा सुतार दवाखान्यासाठी सुट्या खुर्च्या करायला निघाला होता. "आता बाक कोण ठेवतं, डॉक्टर?" असे त्याने विचारलेही. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मला अख्खं घर एका जागी बसलेलं बघायचंय." सुताराला ते पटले नाही, पण फळ्या त्याने जाड वापरल्या.

बाईंची तपासणी माझ्यापासूनच सुरू होई. पेशंटला बोलवायला त्या स्वतः दारात येत आणि जरा थांबत. कोण कण्हत उठते, कोण कुणाचा हात धरते, कोण अंग चोरून बसते, सारे बघत. एकदा एक सासूबाई गुडघे दाखवायला आल्या. सून तान्ह्या बाळाला घेऊन माझ्या कडेला टेकली होती. गुडघ्यांचे औषध लिहून झाले आणि बाई सुनेला म्हणाल्या, "आता तू ये."

"मला काही झालं नाही."

"बरं, मग नुसती बस माझ्यापाशी."

आत ती खूप रडली. बाळंतपणापासून तिची झोप उडाली होती आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. बाईंच्या उपचाराने ती सावरली. ते बाळ आता बूट घालून माझ्यावर नाचते आणि माझ्या शिव्या खाते.

मग आजूबाजूला मोठी हॉस्पिटले झाली. प्रत्येक अवयवाला वेगळा तज्ज्ञ मिळू लागला. "या काय, नुसत्या डॉक्टर," असे लोक माझ्यावर बसूनच म्हणत. मला संताप येई. त्याहून वाईट म्हणजे बाईंनाही ते खरे वाटू लागले. साध्या खोकल्यालाही त्या दुसरीकडे पाठवू लागल्या. दारात येणे थांबले. आतून फक्त "पुढचे" एवढेच ऐकू येई. त्यांचा धाकटा भाऊ हृदयाचा नावाजलेला डॉक्टर. तो म्हणाला, "ताई, हे बंद कर. माझ्या हॉस्पिटलमध्ये ये. कुठल्या पेशंटला कुठल्या विभागात पाठवायचं, तेवढं सांगत बस." बाई हो म्हणाल्या. मी भंगारात जाणार, हे ओघाने आलेच.

त्याच सुमारास फॅमिली मेडिसिनला, म्हणजे बाई करत आल्या त्याच कामाला, स्वतंत्र विषय म्हणून मान्यता मिळाली. हृदयासारखा, हाडांसारखा हाही तज्ज्ञांचा विषय ठरला. बाईंची मुलगी नुकतीच डॉक्टर झाली होती. एका रविवारी ती दवाखान्यात मामाला म्हणाली, "मी हाच विषय घेणार आहे."

"एवढे मार्क मिळवून सर्दी-खोकला बघणार?"

"मामा बरोबर बोलतोय," बाई म्हणाल्या. "माझं काय झालं, बघतेस ना?"

मुलगी भडकली. "लोक तुला नुसती म्हणाले, आई, ते मी सोडून देईन. पण तूच स्वतःला तसं म्हणायला लागलीस, ते मला चालणार नाही. हा विषय आता शिकवायचाय. कोण शिकवणार? मामा?"

बाई उठून दारात जाऊन उभ्या राहिल्या. मग भावाला म्हणाल्या, "मी तुझ्याकडे येत नाही. ही शिकेल, आणि परीक्षेला मीही बसेन."

"या वयात?"

"हो, या वयात."

"आणि उद्या कुणी विचारलं, नेमकी कशाची तज्ज्ञ, तर काय सांगशील?"

"अख्ख्या घराची."

बाई परीक्षा पास झाल्या. आता त्यांच्याकडे तरुण डॉक्टर शिकायला येतात. त्यांना पहिला दिवस माझ्यावर, पेशंटांच्या गर्दीत बसून काढावा लागतो. काहींची तोंडे वाकडी होतात. होऊ देत.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या सगळ्यांना ओळखणारा डॉक्टर तुम्हाला लाभला असेल, तर त्याला जपा. त्याला नुसता म्हणू नका. आणि म्हणायचेच असेल, तर आधी माझ्यावरून उठा.