एका मशीनवरचा संसार

कारखान्यात त्याला सगळे झाकणराव म्हणत. बरण्यांची प्लास्टिकची झाकणं पाडणारं मशीन तो चालवायचा, आणि टोपणनाव ठेवायला लोकांना तेवढं कारण पुरतं. सकाळच्या पाळीला त्याच मशीनवर त्याची बायको असे, दुपारच्या पाळीला तो. मुलगी झाल्यापासून असंच चाललं होतं, कारण घरी कोणीतरी एक हवं. मधला थोडा वेळ शेजारच्या काकू चिमणीला सांभाळत. सुट्ट्यासुद्धा दोघांच्या वेगळ्या दिवशी येत.

मशीन काही थांबवायचं नसे. मग पाळी बदलताना ती हातातले जाड मोजे काढून त्याच्यापुढे धरायची, तो ते घालायचा, आणि झाकणं पडत असताना दोघं शेजारी उभं राहून बोलून घ्यायची. "साचा चिकटतोय, हवा जास्त मार." "चिमणीला खोकला आहे, दूध तापवून ठेवलंय." त्यांची भांडणं तिथेच व्हायची आणि मिटायचीही तिथेच. एकदा तर ती चांगला आठवडाभर रुसली होती, तेव्हाही मोजे मात्र हातातच द्यायची, फेकायची नाही.

मग कंपनीला कळवळा आला. कामाचा घरावर आणि घराचा कामावर किती परिणाम होतो ते मोजायचं ठरलं आणि त्यासाठी एक पाहणीवाल्या बाई आल्या. बाई गोड बोलायच्या, पण प्रश्न असे विचारायच्या की झाकणरावाचं डोकं गरगरलं.

"घरच्या काळजीमुळे कामात लक्ष लागत नाही, असं कितीदा होतं?"

"घरचं सगळं आम्ही कामावरच बोलतो, बाई."

"म्हणजे नेहमी?"

"छे, छे! लक्ष असतं."

"मग कधीच नाही?"

"तसंही नाही म्हणता येणार." त्याने डोकं खाजवलं. "मला आधी हे सांगा, मशीनपाशी बायकोशी बोलतो, ते काम धरायचं की घर?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे आम्ही धरलेलंच नाही," त्या म्हणाल्या. आता त्याही गोंधळल्या. "बरं, घरी दोघं एकत्र किती असता?"

"असतो की. फक्त एकजण झोपलेला असतो."

बाईंना फार वाईट वाटलं. त्यांनी साहेबांना सांगितलं, साहेबांनी सुपरवायझरला सांगितलं, आणि पुढच्याच आठवड्यापासून दोघंही सकाळच्या पाळीला लागली; पोरीला तेवढा वेळ काकूंनी घेतलं. तो आपल्या मशीनवर राहिला, तिला शेडच्या पार दुसऱ्या टोकाला नेलं. महिनाभर बघू, मग बाई पुन्हा विचारायला येतील आणि कायमचं ठरेल, असं सुपरवायझर म्हणाला. लोकांनी अभिनंदन केलं. झाकणरावही हसला, कारण अशा वेळी हसायचं असतं.

"तुला कोणी सांगितलं होतं तोंड उघडायला?" बायको म्हणाली.

"मी खरं तेच सांगितलं."

"तेच तर म्हणतेय मी."

पहिल्या संध्याकाळी दोघं एकदमच खिडकीजवळच्या खुर्चीकडे वळली. घरात आरामाची खुर्ची ती एकच. इतकी वर्षं ती दोघांचीही होती, पण आपापल्या वेळेला.

"बस तू."

"नको, तूच बस."

शेवटी कोणीच बसलं नाही. चहाचा आवडता कपही एकच निघाला. चिमणीची तर पुरती पंचाईत झाली. "आई हो म्हणालीय" असं बाबाला आणि "बाबा हो म्हणालाय" असं आईला सांगून तिने आजवर बरंच काही पदरात पाडून घेतलं होतं. आता दोघांनी एकमेकांकडे पाहिलं की तिची बोबडी वळायची.

बाकी घरात शांतता. तो बोलायला तोंड उघडायचा आणि सुचायचंच नाही. काय सांगणार? दूध तिच्या डोळ्यांदेखत तापायचं, पोरीचा खोकला तिलाही ऐकू यायचा. कारखान्यात पाळी संपली की तो तिच्यासारखेच मोजे काढून पुढे धरायचा, आणि समोर कोणीतरी मिशाळ गडी असायचा. तेलही गेलं, तूपही गेलं, असं त्याला वाटायला लागलं. मग एक दिवस मनात आलं, आपल्यात त्या मशीनशिवाय काही नव्हतंच की काय? या विचाराने तो खरोखर घाबरला. आणि आता महिना भरला, उद्या बाई येणार होत्या. कायमचं करू का, म्हणून विचारणार होत्या. हो म्हटलं तर ही शांतता जन्माची. नाही म्हटलं तर बायकोजवळ राहायला नको, असं आपण होऊन सांगितल्यासारखं.

त्या संध्याकाळी ती भांडी घासत होती आणि तो स्वयंपाकघराच्या दारात उगाच घुटमळत होता.

"काय सांगू गं उद्या त्यांना?"

तिने नळ बंद केला, हातातले भांड्यांचे रबरी मोजे ओढून काढले आणि त्याच्याकडे न बघताच त्याच्यापुढे धरले.

त्याने ते घातले. आतून ओलसर होते, गरम होते. तिच्या हातांची ती ऊब त्याने लगेच ओळखली. इतके दिवस आपण ही ऊबच शोधत होतो, हे त्याला तेव्हा कुठे कळलं. तो ओट्याशी उभा राहिला. ती शेजारी टेकून उभी राहिली आणि बोलायला लागली.

"चिमणीचा दात हलतोय. तुला दाखवायला लाजतेय."

"बरं."

"नळाचा वायसर गेलाय."

"बघतो."

मग तिने घासलेली एक वाटी उपडी ठेवली. "मला भीती वाटत होती."

"कसली?"

"की मी तुला फक्त मशीनपाशीच आवडते."

बाईंना काय सांगायचं ते त्याला अजूनही कळलं नव्हतं. हातातली ताटली केव्हाच लख्ख झाली होती, तरी तो ती घासतच राहिला. घासणं थांबलं तर ती बोलायची थांबेल, असं त्याला वाटत होतं.