साठ नग, जिवंत

स्टोअरकीपरला त्या रविवारी मिळवायचं होतं ते एवढंच: एका कागदावर एक सही. सही झाली की त्याची बदली बायकोच्या गावी. ती तिथल्या दवाखान्यात नर्स, लेक तिथल्याच शाळेत चौथीत. बसने जायला चार तास, यायला चार. दोन वर्षं तो दर रविवारी हे आठ तास बसमध्ये घालवून, मधले सात तास नवरा आणि बाप होऊन परत येत होता. बदलीचा अर्ज चार महिने साहेबांच्या टेबलावर पेपरवेटखाली पडून होता. त्याच्या मोबदल्यात साहेबांनी मागितलं काय, तर आमिषाचे बोटभर लांबीचे मासे दुपारपर्यंत जिवंत ठेवायचे. इतका स्वस्त सौदा त्याने उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. फार स्वस्त माल आला की खोकं उघडून बघा, असं दुसऱ्यांना रोज बजावणारा हा माणूस स्वतःच्या वेळी मात्र खोकं उघडायचं विसरला.

गोष्ट घडली बुधवारी, ऑफिसच्या व्हरांड्यात. साहेब म्हणाले, "रविवारी बोट ठरवलीय. माझा नेहमीचा माणूस आजारी पडलाय. आमिष सांभाळायचं कळतं का इथं कोणाला?" तिथे पाच जण उभे होते. चौघं शहाणे, ते आपापल्या चपलांकडे बघत राहिले. पाचवा म्हणाला, "थोडंफार मला कळतं, साहेब." साहेब म्हणाले, "मग रविवारी या. तुमच्या त्या अर्जाचंही बघू."

थोडंफार म्हणजे असं, की लहानपणी त्याने बरणीत दोन मासे पाळले होते आणि ते तिसऱ्या दिवशी मेले होते.

"तुम्हाला?" बायको फोनवर हसत सुटली. "अहो, तुमच्या हातून कुंडीतली तुळतुळीत मनीप्लँट मेली. मासे जगवणार?"

"वाचलंय मी. हवेचा पंप असतो. पाणी गार ठेवायचं. एवढंच."

"आणि म्हणून या रविवारी यायचं नाही?"

"एक रविवार गं. एक रविवार सोडला की कायमचं येणं होईल."

"बरं," ती म्हणाली, "लेकीला तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार."

रविवारी सकाळी सहाला तो धक्क्यावर हजर. सोबत साहेबांचं निळं प्लॅस्टिकचं पिंप, बॅटरीवरचा हवेचा पंप, मुठीएवढ्या जाळीची पळी आणि घामेजलेले तळहात. आमिष विकणाऱ्याने पिंपाकडे एक नजर टाकली. "यात तीस सुखात राहतील. फार तर चाळीस."

"साठ द्या," स्टोअरकीपर म्हणाला.

"साठ? अहो, पिंप आहे का गोदाम?"

पण हाच तर मुद्दा होता. बावीस वर्षांत त्याच्या गोदामात कुठलीही वस्तू कधी संपली नव्हती. चाळीस लागणार असतील तर साठ ठेवायच्या, म्हणजे ऐन वेळी साहेबांसमोर काखा वर करायची पाळी येत नाही. खिळ्यांच्या बाबतीत हे शंभर टक्के खरं आहे. खिळे श्वास घेत नाहीत, ही एक बारीकशी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. त्याने साठ मोजून घेतले आणि सवयीने खिशातल्या वहीत लिहिलंही: आवक, साठ नग, जिवंत.

बोट चालवायला एक पन्नाशीची बाई होती. डोक्याला घट्ट फडकं, एक पाय सुकाणूच्या दांड्यावर, आणि जगाबद्दल फारसा आदर नसल्यासारखा चेहरा. साहेब पुढच्या टोकाला खुर्ची टाकून बसले. पिंप बोटीच्या मध्यावर, आणि पिंपाशेजारी उकिडवा स्टोअरकीपर.

पहिला तास बरा गेला. मासे एकामागे एक गोल फिरत होते, पंप गुरगुरत होता. साहेबांनी मागितलं की ओल्या पळीने एक काढून द्यायचा. साहेब तो गळाला लावायचे, दोरी फेकायचे, आणि मिनिटभरात अधीर होऊन ओढून घ्यायचे. "दुसरा द्या." स्टोअरकीपर द्यायचा आणि वहीत एक रेघ ओढायचा.

आठच्या सुमाराला पहिला मासा पोट वर करून तरंगला.

त्याने साहेबांच्या पाठीकडे पाहिलं. टाकून द्यावा? पण पाण्यात पडताना आवाज होईल, साहेब वळतील, विचारतील. आणि खरं सांगायचं तर दुसरंही एक होतं. खराब माल वरिष्ठांच्या सहीशिवाय गोदामाबाहेर जात नाही, हे त्याच्या हाडात मुरलं होतं. त्याने पळीने मेलेला मासा हळूच खाली दाबला. तो वर आला. पुन्हा दाबला. शेवटी पंपाच्या नळीखाली अडकवून ठेवला. मग दुसरा मेला. मग एकदम चार.

साडेआठला जिवंत मासे गोल फिरायचे थांबले. सगळे वर येऊन, तोंडं उघडून पाण्याच्या वरच्या थराला चिकटले.

"भाऊ," नाववाली मागून म्हणाली, "तळाशी फिरत असले की सुखात असतात. वर येऊन तोंड वासायला लागले, म्हणजे त्यांची शोकसभा सुरू झाली."

"हळू बोला हो, मावशी," तो कुजबुजला.

"मावशी? तुमच्याहून चार वर्षांनी मोठी असेन फार तर. किती कोंबलेत यात?"

"साठ."

तिने नुसतं आभाळाकडे पाहिलं. आभाळात सूर्य होता आणि तो नेमका पिंपावर आला होता. स्टोअरकीपरने अंगातला शर्ट काढून भिजवला आणि पिंपावर पांघरला. बनियनवर बसला. त्याच वेळी पंपाची गुरगुर खाली खाली येत एक उचकी देऊन बंद पडली. जास्तीची बॅटरी नव्हती. मासे दीडपट घेतले होते, बॅटरी एकच.

आता त्याने बोटीतला प्लॅस्टिकचा मग घेतला आणि पिंपातलंच पाणी उचलून उंचावरून पिंपात ओतायला लागला, म्हणजे बुडबुड्यांबरोबर थोडी हवा तरी आत जाईल. उचल, ओत. उचल, ओत. दहा मिनिटांत खांदा भरून आला. थांबला की तोंडं वर येत. पाण्यावर फेस जमला होता, त्याला वास यायला लागला होता. बसस्टँडवर दर रविवारी चार वाजता लेक हात हलवायची ते त्याला उगाचच आठवलं, आणि मग थांबायची सोय उरली नाही.

"नुसतं तेच पाणी ढवळून काय उपयोग?" नाववाली दांडा सोडून जवळ आली, तिने शर्टाचं टोक उचललं आणि नाक मुरडलं. "अरे देवा. मेलेले आतच ठेवलेत?"

"टाकले तर साहेबांना दिसतील."

"आणि ठेवले तर उरलेले मरतील. मेलेला मासा पाणी नासवतो, भाऊ. एक दहांना घेऊन जातो. मघापासून तुम्ही स्वतःच्या हाताने विष कालवताय की!"

त्याने पिंपात हात घातला आणि मोजलं. मोजायला तो कधी चुकत नसे. साहेबांनी वापरलेले नऊ. मेलेले त्रेचाळीस. जिवंत आठ.

त्याच क्षणी साहेब न वळता म्हणाले, "किती राहिलेत हो?"

बावीस वर्षांत त्याने कधी साठा खोटा सांगितला नव्हता. एकदा अर्धा डझन कुलपं कमी भरली, तेव्हा तो दोन रात्री जेवला नव्हता. त्याने तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "तीस, साहेब."

"तीस? उत्तम!" साहेबांनी दोरी गुंडाळली. "मग इथे काय वेळ काढतोय आपण? बाई, घ्या बोट त्या लांबच्या खडकांकडे. मोठा मासा तिकडे आहे."

नाववालीने स्टोअरकीपरकडे पाहिलं. तो तिच्याकडे पाहू शकला नाही. "तासभर लागेल," ती म्हणाली.

"लागू दे. तीस आहेत."

तो तास पुढे कित्येक दिवस त्याच्या खांद्यात राहिला. इंजिनच्या आवाजाचा आडोसा मिळाल्याबरोबर त्याने मेलेले मासे ओंजळीओंजळीने मागच्या बाजूने सोडून दिले. नाववालीने सांगितलं तसं पाणी बदललं. एकदम नाही, एकदम बदललं तर धक्क्याने मरतात. दर दहा मिनिटांनी तिसरा हिस्सा काढायचा, तेवढंच समुद्राचं ताजं घालायचं. दोन मासे तरीही गेले. सहा राहिले. पण ते सहा तळाशी गेले आणि आळसावल्यासारखे फिरायला लागले. खोटं बोललेल्या माणसाला एवढं सुख पुरे होतं. ते खडक दिसेपर्यंतच टिकलं.

खडकांपाशी नांगर पडला आणि साहेबांना उधाण आलं. पहिला मासा गळाला लावून त्यांनी इतक्या जोरात फेकला की तो गळावरून सुटून वेगळाच उडाला. "दुसरा." दुसऱ्याला खालून कोणीतरी कुरतडून नेलं. "दुसरा." पुढचा त्यांनी तळहातावर ठेवून पाहिला. "हा बारका दिसतोय," म्हणाले, आणि समुद्रात फेकून दिला.

स्टोअरकीपरच्या तोंडून "अहो!" निघून गेलं.

"काय झालं? तीस आहेत ना?"

"आहेत, साहेब."

नाववाली खोकली. तो खोकला नव्हता.

चौथा कुरतडला गेला. पाचवा साहेबांनी इतक्या वेळा आत-बाहेर ओढला की तो दोरीवरच मेला. "छे, हा मलूल आहे. चांगला तडफदार काढा एक."

स्टोअरकीपरने पळी पाण्यात घातली. एवढ्या मोठ्या पिंपात एकच मासा होता, आणि तो पळीपासून लांब लांब पळत होता. एका माशाला पकडायला साठांतला एक पकडण्यापेक्षा फार वेळ लागतो. साहेबांनी मागे वळून पाहिलं. मग खुर्चीवरून उठले, पिंपाशी आले, शर्ट उचलला आणि आत डोकावले.

"बाकीचे?"

"मेले, साहेब. मघाशी आठच होते. मी तीस सांगितले."

बोट हलत होती. बनियनवर उभा असलेला माणूस जितका सरळ उभा राहू शकतो तितका तो सरळ उभा राहिला.

"म्हणजे तुम्हाला यातलं काही कळत नाही."

"नाही, साहेब."

"मग सांगितलंत कशाला कळतं म्हणून?"

याचं उत्तर पेपरवेटखाली होतं आणि दोघांनाही माहीत होतं. साहेबांनी तो शेवटचा मासा स्वतः पळीने काढला, हलक्या हाताने गळाला लावला, अलगद पाण्यात सोडला आणि बसले. आणि पहिल्यांदाच दोरी ओढली नाही. ओढणार कशी? हा गेला की संपलं. मिनिटं गेली. पंधरा, वीस. स्टोअरकीपर मनातल्या मनात बसचं वेळापत्रक म्हणत होता. जन्मभर पुरेल इतक्या रविवारांचं.

चाळिसाव्या मिनिटाला गळाची काठी वाकली.

पुढचा अर्धा तास साहेब शिव्या देत होते, हसत होते, नाववालीला "डावीकडे, डावीकडे!" म्हणत होते. मासा वर आला तो स्टोअरकीपरच्या लेकीएवढा लांब. तिघांनी मिळून ओढून घेतला. साहेब ओलेचिंब, चेहरा वीस वर्षांनी लहान.

"पाहिलंत?" ते ओरडले. "शेवटच्या माशावर! असा तेज ठेवला होता तुम्ही त्याला!"

"धीर धरला म्हणून मिळाला," नाववाली नांगर ओढता ओढता म्हणाली. "तीस असते तर संध्याकाळपर्यंत उडवत बसला असतात." पण तोवर इंजिन सुरू झालं होतं आणि साहेबांना ऐकायला आलं नाही. किंवा आलं.

धक्का जवळ आल्यावर साहेबांनी स्टोअरकीपरला शेजारी बसवून घेतलं. "तुमचा तो अर्ज. उद्या सकाळी पेपरवेटखालून काढून समोर ठेवा."

त्याने ओला शर्ट घाईघाईने अंगात चढवला.

"तिकडचा किनारा मला ठाऊक आहे. इथल्यापेक्षा दहापट चांगला. तिकडे आपलं माणूस नव्हतं म्हणून जाणं होत नव्हतं." साहेबांनी पिंपावर थाप मारली. "हे तुमच्याकडेच ठेवा. मी दर रविवारी पहाटे पोचत जाईन. आता तुम्हाला कळतं सगळं."

संध्याकाळी त्याने फोन लावला. बायको ऐकून आधी ओरडली, मग रडली, मग लेकीला हाक मारून आली. "खरंच? कायमचं?"

"कायमचं."

"अहो, घर आवरायला हवं. तुमचं टेबल खिडकीशी लावू. पण बघा हं, मी सोमवार ते शनिवार दुपारी दोन ते रात्री दहा दवाखान्यात. तुम्ही ऑफिसातून येणार सहाला. आपलं काय ते जेवण, गप्पा, रविवारीच."

त्याने कोपऱ्यातल्या निळ्या पिंपाकडे पाहिलं.

"ऐकताय ना?"

"रविवारी साहेब येणार आहेत. मासेमारीला."

"या रविवारी?"

"दर."

"नाही म्हणाला नाहीत?"

"अजून सही व्हायचीय गं."

"आणि सही झाल्यावर म्हणाल?"

बायकोच्या या प्रश्नावर त्याने उद्या बोलू म्हणून फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सही झाली.

एकंदर हिशेब असा. साठ नगांपैकी पंचेचाळीस पिंपात मेले, चौदा गळावर गेले, आणि एक वाचला, कारण तो साहेबांना बारका वाटला. नाववालीने ठरलेले घेतले, वर चार शब्द फुकट दिले. बायकोने दिले तिच्या सुट्टीचे सगळे रविवार, तिला कोणी न विचारता. लेकीला आता बाबा रोज संध्याकाळी सहापासून झोपेपर्यंत मिळतात, आणि रविवारी आईबाबा एकत्र कसे दिसतात हे ती चित्राच्या वहीत काढते. स्टोअरकीपरने बसचे आठ तास वाचवले आणि तेच आठ तास पिंपाशेजारी उकिडवं बसून भरले, शिवाय ते मधले सातही. साहेबांनी फक्त सही दिली. पेन त्यांच्या खिशात सापडेना, म्हणून तेही स्टोअरकीपरनेच पुढे केलं.