उत्तरेकडच्या दोन जागा

मिलान शहरात फुटबॉलचे दोन मोठे संघ आहेत आणि दोघांचं मैदान एकच. एकाचा शर्ट लाल-काळा, दुसऱ्याचा निळा-काळा. अकोल्याच्या पंचफुलाबाईंना हे पक्कं ठाऊक होतं, कारण त्यांची लेक लाल-काळी होती आणि सून निळी-काळी.

सून सत्यवती कोषागारात नोकरीला. कॉलेजात ती गोलकीपर होती आणि मॅच बघायची सवय घेऊनच सासरी आली. नणंद माया तेव्हा शाळेत होती. वहिनी ज्या संघाला शिव्या देते तो आपला, असं तिनं ठरवून टाकलं. पुढं तो संघ तिला खरोखर आवडायला लागला. आता ती अमरावतीला कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवते आणि एकटी राहते.

माया प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेत नापास झाली, त्याच दिवशी सत्यवतीनं गल्लीत पेढे वाटले. पेढे निळ्या-काळ्यांच्या विजयाचे होते. मायानं ते दुसऱ्या अर्थानं घेतले. सत्यवतीनं खुलासा केला नाही, कारण तिला कोणी विचारलं नाही. त्यानंतर पाच-सहा वर्षं दोघी जे काही बोलल्या ते देवमनच्या मार्फत. देवमन म्हणजे एकीचा नवरा, दुसरीचा भाऊ.

यंदा दोघींनीही, एकमेकींना न सांगता, मिलानला जाऊन या दोन संघांची आपसातली मॅच बघायचं ठरवलं. देवमन विमानाला घाबरतो, तो येणार नव्हता. मायासोबत जाणारी मैत्रीण ऐनवेळी फिरली. पंचफुलाबाईंनी निकाल दिला.

"एकटी कोनी जानार नाई. जाच्चं असंन तं दोघी जा."

नियोजनाची बैठक मूर्तिजापूरला भरली, कारण अकोल्याला माया येईना आणि अमरावतीला सत्यवती जाईना. बसस्टँडसमोरच्या हॉटेलात देवमन मधल्या खुर्चीवर बसला.

"तिले विचार, खोली एक घ्याची का दोन," माया म्हणाली.

"एकच घे म्हना. पन पलंग दोन," सत्यवती म्हणाली.

देवमननं दोन्हीकडं मान हलवली आणि आलुबोंडा खाल्ला. खायला काय न्यायचं यावर मात्र वाद झाला नाही. ज्वारीच्या कडक भाकरी, जवसाची चटणी, चिवडा. मैदानात बसायचं कुठं, हेही सोपं होतं. दक्षिणेकडं लाल-काळे बसतात, उत्तरेकडं निळे-काळे. माया दक्षिणेला बसणार, सत्यवती उत्तरेला, आणि मॅच संपल्यावर गेटवर भेटणार. इतक्या लांब जाऊन वेगवेगळं बसायचं, याचं दोघींनाही काही वाटलं नाही.

मुंबईत व्हिसाच्या खिडकीवरच्या बाईनं विचारलं, "दोघी मैत्रिणी का?"

"नाही," सत्यवती म्हणाली. "नणंद आहे."

व्हिसा मिळाला.

तिकिटं काढायचं काम मायाकडं होतं. विक्री सुरू झाली तेव्हा क्लास चालू होता. पोरांना एक गणित देऊन ती कॉम्प्युटरसमोर बसली. दक्षिणेकडच्या जागा तिच्या डोळ्यांदेखत संपल्या. उत्तरेकडं शेजारशेजारच्या दोन उरल्या होत्या. मायानं देवमनला फोन लावला. देवमननं उचलला नाही. मग तिनं सत्यवतीला लावला.

"वहिनी, माया बोलून राहिली."

ऑफिसात सत्यवतीनं समोरची फाईल मिटली.

"बोल."

"दोन जागा हायेत. तुमच्या बाजूच्या. दोनी."

"मंग तू कुठं बसशीन?"

"तुमच्याजवळ. दुसरं काय?"

"तिथं तुह्यावालं काही बोलता येनार नाई, माया. लाल रंग चालत नाई. टाळी चालत नाई."

"गप बसतो मी."

"तू?" सत्यवती म्हणाली. मग म्हणाली, "घेऊन टाक."

मिलानला थंडी होती. मायानं राखाडी स्वेटर घातला. लाल शर्ट तिनं त्याच्या आत घातला होता, ते सत्यवतीनं पाहिलं आणि स्वेटरची चेन गळ्यापर्यंत ओढून दिली. उत्तरेकडचा स्टँड तोंडपाठ गाणी म्हणत होता. सत्यवतीला शब्द येत नव्हते, तरी ती सगळ्यांत मोठ्यानं गात होती.

सामना संपत आला तरी गोल झाला नव्हता. मग कोपऱ्यावरून चेंडू आला, लाल-काळ्यांच्या एका उंच पोरानं डोकं लावलं, आणि निळ्या-काळ्यांचा गोलकीपर हात लांब करूनही पोचला नाही.

समोर, दक्षिणेकडं, सगळा स्टँड उसळला. इकडं स्मशानशांतता. मायानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि जमिनीकडं पाहिलं. तिच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला क्षण तिला कोणाच्या तरी बुटांकडं बघत काढावा लागला.

थोड्या वेळानं तिनं शेजारी पाहिलं. सत्यवतीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तिची नजर मात्र गोलकीपरकडं होती.

"थो एक पाऊल पुढं आला, माया," ती म्हणाली. "यायले नव्हतं पाह्यजे. मीबी तसीच हरली होती एकदा."

मायानं पिशवीतून चिवडा काढून पुढं केला. सत्यवतीनं मूठभर घेतला. पुढं बसलेल्या दाढीवाल्या माणसानं वळून पाहिलं. त्याचेही डोळे ओले होते. सत्यवतीनं त्यालाही दिला.

"हास आता," ती मायाला म्हणाली. "कोंडून नको ठेवू. तोंड माह्या खांद्यात घाल, कोनाले दिसत नाई."

मायानं वहिनीच्या खांद्यात तोंड घातलं आणि हसली. मागच्या बाईला वाटलं ती रडते आहे. तिनं मायाच्या पाठीवरून हात फिरवला.

बाहेर पडल्यावर सत्यवतीला चहा हवा होता. मैदानाजवळच्या दुकानात चहा नव्हता. इवल्याशा कपात काळी कॉफी मिळाली, तीही उभ्यानं प्यायची. सत्यवतीनं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"कडू हाय?" मायानं विचारलं.

"पिऊन पाह्य."

मायानं पिऊन पाहिली. मग दोघींनी काउंटरवरची साखर जवळ ओढली.