सेवेत खंड

दादाच्या कपाटाच्या दाराला आतून एक यादी चिकटवलेली होती. त्याच्या कंपनीतले साठ वैमानिक, साठ नावं, त्यांत त्याचंही, आणि बाजूला दोऱ्याने बांधलेली लाल पेन्सिल. वरचा कोणी निवृत्त झाला, सोडून गेला किंवा मेला की दादा त्याच्या नावावर रेघ मारायचा. खालचे सगळे एकेक पायरी वर चढायचे. या धंद्यात हुशारी कोणी विचारत नाही, नंबर विचारतात. विमानात डाव्या खुर्चीत कॅप्टन म्हणून बसायचं की उजव्या खुर्चीत दुय्यम म्हणून, रजा कधी मिळणार, कुठल्या शहरात राहायचं, सगळं नंबरावर. एखादा धडधाकट माणूस हार्ट अटॅकने गेला तर लोक आधी आपला नंबर मोजतात आणि मग हळहळतात. कोणी कबूल करत नाही. दादानेही मोजला होता.

एकवीस वर्षांत तो साठाव्यावरून नवव्यावर आला. मग एका मोठ्या कंपनीने त्यांची छोटी कंपनी विकत घेतली, आणि दोन याद्यांची एक यादी करायची वेळ आली.

त्यासाठी हॉटेलातली बिनखिडकीची एक खोली घेतली होती. मोठ्यांचे तीन, छोट्यांचे तीन आणि मधोमध पंच म्हणून एक निवृत्त न्यायाधीश. एसी इतका गार, की न्यायाधीश कानाला मफलर गुंडाळून बसायचे. छोट्यांच्या बाजूने बोलायला दादा. सहा महिने डोकेफोड झाल्यावर ठरलं, की ज्याची नोकरी जास्त तो वर. दादाला वाटलं, सुटलो एकदाचे.

तेव्हा मोठ्यांच्या वकीलबाईंनी फाइलीतून एक कागद काढला.

"हे अक्षर आपलंच ना, कॅप्टन?"

अक्षर दादाचंच होतं. सहा वर्षांपूर्वीचं. 'आम्ही खाली सही करणारे नऊ वैमानिक स्वखुशीने अकरा महिने बिनपगारी रजेवर जात आहोत.'

"आमच्या नियमात स्वखुशीची बिनपगारी रजा म्हणजे सेवेत खंड," बाई म्हणाल्या. "नोकरी मोजायची ती परत आल्या दिवसापासून. तुमची पाच वर्षं भरतात. सक्तीची रजा असती तर आमची काही हरकत नव्हती."

दादाने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

सहा वर्षांपूर्वी छोटी कंपनी बुडायला आली होती. तळाच्या नऊ पोरांच्या हातात नोकरीवरून काढल्याची पत्रं पडली. त्यांत बारक्या होता, नोकरीला लागून दोन वर्षं झालेला, काडीसारखा. तो पत्र घेऊन संडासात जाऊन रडला. बाहेर सगळ्यांना ऐकू येत होतं. दादाने वरच्या आठ जणांना गोळा केलं. "आपण अकरा महिने बाहेर बसू, आपण मरणार नाही. ही पोरं मरतील." कंपनीचे साहेब म्हणाले, आम्ही माणसं काढतोय असं दिसायला नको. दादा म्हणाला, दिसणार नाही, आम्ही स्वखुशीने जातो, तसं लिहूनच देतो. कारण त्याला ते वाक्य आवडलं होतं. कोणी हाकललेला माणूस नव्हता तो. आणि मग कोणी न सांगता त्याने पोरांच्या हातातली नऊ पत्रं काढून घेतली आणि सगळ्यांसमोर टराटरा फाडली. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांचं बिल आता आलं होतं.

ते अकरा महिने दादाने मेव्हण्याची पार्सलची व्हॅन चालवली. मेव्हणा गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमच्याकडे ड्रायव्हरसुद्धा विमानाचा आहे." दादाही हसायचा. इतकं हसायला लागायचं, की संध्याकाळी जबडा दुखायचा.

न्यायाधीशांनी मफलर सैल केला. "त्या पोरांना आधी काढण्यात आलं होतं, हे सिद्ध झालं तर मी ही रजा सक्तीची धरीन. पत्रं आहेत?"

"नाहीत."

"कंपनीकडे प्रती?"

"मागे घेतलेल्या पत्रांची प्रत कोण ठेवतो, साहेब?"

"मग त्या नऊ पोरांपैकी एकाने लिहून द्यावं. एक सही पुरे. सोमवारपर्यंत."

एक सही. पण कॅप्टनच्या खुर्च्या मोजक्याच. रजेवर गेलेले हे नऊ वर गेले तर तळाचे नऊ कॅप्टन उजव्या खुर्चीत जाणार, आणि ते नऊ म्हणजे दादाने वाचवलेलीच पोरं. त्यांना पुन्हा डावीकडे यायला चार-पाच वर्षं लागली असती. दादा सत्तावन्नचा होता. त्याच्या पुढे जे बसणार ते सगळे त्याच्याहून वीस वर्षांनी लहान. ते हलायच्या आत हाच निवृत्त होणार. तो एकदा उजवीकडे गेला की कायमचा गेला.

तीन दिवसांत आठ जणांनी नकार दिला. एकाने फोनच उचलला नाही. एकाला पत्र मिळाल्याचं आठवेना. एक म्हणाला, बायकोला विचारतो. तिने काय सांगितलं असेल ते कळायला फोनची गरज नव्हती. आणि रजेवर गेलेल्या आठांपैकी एकाने दादाला रोज सकाळी एकच वाक्य ऐकवलं, "तू म्हणालास म्हणून सही केली होती रे मी."

रविवारी दुपारी स्टाफच्या पार्किंगमध्ये दादाने बारक्याला गाठलं. बारक्या आता काडी राहिला नव्हता, स्टिअरिंगला पोट टेकत होतं. दादा शेजारच्या सीटवर बसला आणि कागद पुढे केला.

बारक्याने दोनदा वाचला. "मी सही केली तर मी उजवीकडे."

"हो."

"नाही केली तर तुम्ही."

"मी आणि आणखी आठ."

"वर्षसुद्धा नाही झालं हो मला डावीकडे बसून." तो काचेबाहेर बघत राहिला. "दादा, तुम्ही पत्र फाडलंत तेव्हा मी पाया पडायला आलो होतो. तुम्ही काय म्हणालात आठवतंय?"

दादाला आठवत होतं. 

"म्हणालात, उपकार केलेला नाही, हा विषय पुन्हा काढायचा नाही. काढलास तर कानाखाली देईन. मी नाही काढला. सहा वर्षं नाही काढला."

"मग आता मी काढतोय."

"तेच तर," बारक्या म्हणाला. त्याने कागदाची नीट घडी घातली आणि दादाच्या मांडीवर ठेवली. "मला झेपणार नाही, दादा. शिव्या घाला. खरंच घाला."

दादाने शिवी शोधली. एकही तोंडात येईना. तो उतरला आणि दार हळू लावून निघाला.

घरी बायको इस्त्री करत होती. त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिने इस्त्री उभी केली.

"तेव्हा मोठे दानशूर कर्ण झाला होतात," ती म्हणाली. "मी म्हटलं होतं, निदान कागद तरी जपून ठेवा."

"म्हटलं होतंस."

"भांडा तरी माझ्याशी."

"उद्या भांडू. आज दमलोय."

तिने त्याचा युनिफॉर्मचा शर्ट पालथा केला आणि खांद्यावरच्या कॅप्टनच्या चार पट्ट्या काढायला घेतल्या. यादी अजून लागायची होती. पण तिलाही मोजता येत होतं.

दोन महिन्यांनी नवी यादी लागली. कॅप्टन दोनशे ऐंशीव्या नंबराला संपत होते. बारक्या दोनशे त्र्याहत्तर, दादा तीनशे चार. कपाटावरच्या जुन्या यादीवर नवी चिकटवायची होती, पण सातशे नावं त्या दारावर मावेनात. दादाने पेन्सिल तेवढी सोडवून घेतली.

चौथ्याच दिवशी दोघांची ड्युटी एकत्र लागली. उजव्या खुर्चीवाल्याने विमानाभोवती फिरून तपासणी करायची असते. दादाने चौदा वर्षांनी ती केली, टायर बघितले, इंजिनात टॉर्च मारली. जिने चढून कॉकपिटमध्ये आला आणि सवयीने डावीकडे बसला. पट्टा अर्धा बांधून झाल्यावर त्याला दिसलं, की दारात बारक्या बॅग धरून उभा आहे. किती वेळ उभा होता कोण जाणे. 

दादाने पट्टा सोडला आणि उजवीकडे सरकला. त्याचा उजवा हात इंजिनच्या दांड्यांकडे गेला आणि भिंतीला लागला. दांड्या आता डाव्या हाताला होत्या.

बारक्या बसला. खुर्ची पुढे घेतली, मागे घेतली, परत पुढे घेतली. घसा साफ केला.

"दादा, चेकलिस्ट वाचता का?"

"वाचता का, असं नसतं," दादा म्हणाला. "नुसतं 'चेकलिस्ट' म्हणायचं. मागे एकशे ऐंशी माणसं बसलीत. आणि इथे दादा म्हणू नकोस."

बारक्याने पट्टा बांधला.

"चेकलिस्ट," तो म्हणाला.

दादाने चष्मा लावला, कार्ड उचललं आणि पहिली ओळ वाचली.